दुचाकी घरी धुताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मळापेक्षा चुकीच्या धुण्यानंच गाडीचं जास्त नुकसान होतं. टाकीवरचे ओरखडे, बेअरिंगमध्ये शिरलेलं पाणी, गंजून लाल झालेली चेन, यांची सुरुवात बहुतेक वेळा धुण्याच्या जागीच झालेली असते. पावसाळ्यात आणि दसऱ्याच्या आठवड्यात जे प्रश्न सगळ्यात जास्त येतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं रोजच्या वापरातल्या गाड्यांसाठी आहेत, मग ती १०० सीसीची असो की बुलेट. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं काही लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

गाडी किती दिवसांनी धुवावी?

दिवस मोजू नका, गाडीवर काय बसलंय ते बघा. नुसती धूळ असेल तर पंधरा दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही. चिखल, पक्ष्यांची विष्ठा, समुद्राचं खारं पाणी किंवा टाकीवर सांडलेलं पेट्रोल मात्र त्याच दिवशी काढायचं. पावसाळ्यात सगळी गाडी धुवायला वेळ नसेल तर आठवड्यातून एकदा निदान चाकं, चेन आणि मडगार्डची आतली बाजू पाण्यानं मोकळी करा. विशेषतः काळ्या मातीच्या भागात राहत असाल तर. ती माती मडगार्ड आणि टायरच्या मधे बसते, वाळून दगडासारखी होते आणि मग खरवडून काढावी लागते.

मी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसतो. तेवढं पुरत नाही का?

हीच सवय आधी सोडा. धुळीत बारीक वाळूचे कण असतात आणि कोरडं फडकं ते कण रंगावरून घासत नेतं. गाडी उन्हात उभी करा आणि टाकीकडे तिरकं बघा. गोल गोल, केसासारख्या बारीक रेषा दिसतील. त्या कंपनीतून आलेल्या नाहीत, फडक्यानं आल्या आहेत. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. एवढ्याशा थरावर रोज वाळू घासली तर दोन वर्षांत चमक जाणारच.

रोज पुसायचंच असेल तर फडकं ओलं करून पिळून घ्या, एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवा आणि प्रत्येक भागानंतर घडी बदला. सोसायटीत कुणी गाड्या पुसायला येत असेल आणि एकाच फडक्यानं वीस गाड्या पुसल्या जात असतील, तर त्यांना आपलं वेगळं फडकं द्या. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा टाकीला लावायचं नाही, हेही सांगून ठेवा.

सामान काय लागतं?

दोन बादल्या, एक मग, गाडीचा शाम्पू, दोन-तीन मायक्रोफायबर कापडं, एक मऊ ब्रश आणि दोन जुने टूथब्रश. दोन बादल्या यासाठी, की एकीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत नुसतं पाणी हवं. कापड आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. एकच बादली वापरली तर सुटलेली माती परत टाकीवर जाते. चाकं आणि इंजिनचं कापड कायम वेगळं ठेवा.

कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण चालतो का?

एखाद्या वेळी वापरलात तर गाडी मरणार नाही. पण कपड्याची पावडर क्षारयुक्त असते. ती वॅक्सचा थर काढून टाकते, रबर आणि काळं प्लास्टिक हळूहळू पांढुरकं करते आणि नीट न विरघळलेले तिचे दाणे रंगावर घासले जातात. शाम्पूची बाटली बरेच महिने पुरते. इथे काटकसर करू नये.

धुण्याचा क्रम नेमका कसा असावा?

गाडी सावलीत, मेन स्टँडवर घ्या. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. उन्हात साबण तिथल्या तिथे वाळतो आणि डाग सोडतो. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा, चावीच्या भोकावर टेप लावा.

सगळ्यात आधी चेन आणि चाकं. तिथली घाण सर्वांत वाईट आणि तिचे शिंतोडे वर उडतात, म्हणून टाकी धुऊन झाल्यावर चाकांना हात घालण्यात अर्थ नाही. त्यानंतर पूर्ण गाडीवर नुसतं पाणी सोडा आणि पाच मिनिटं काही करू नका. माती भिजू द्या. जी माती पाण्यानं आपोआप निघते तिला हातानं घासायची गरज नसते. मग वरून खाली या: टाकी, आरसे, हेडलाइट, सीट, बाजूचे पॅनल, शेवटी खालचा भाग. एक भाग धुतला की लगेच त्यावर पाणी ओता.

इंजिनच्या फिन्सना, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांना, टूथब्रश लावा. हवेनं थंड होणाऱ्या इंजिनची उष्णता याच फिन्समधून बाहेर जाते. त्यांच्यात चिखल बसला की इंजिन जास्त तापतं. गाडीला रेडिएटर असेल तर त्याच्या पातळ पट्ट्यांवर ब्रश दाबून घासू नका, त्या वाकतात. तिथे पाण्याची हलकी धार पुरते.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या पुसताना बोट फिरवून बघा. सीलच्या जरा वर तेलकट काळी कडी दिसली तर ऑइल सील गळायला लागलंय. कडी पुसून टाका, दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा. परत आली तर मेकॅनिकला दाखवा, कारण ते तेल उतरत उतरत ब्रेकच्या डिस्कपर्यंत जाऊ शकतं. ढिला नट, टायरमध्ये रुतलेला खिळा, केबलचा तुटत आलेला तार, हे सगळं असंच धुताना सापडतं. म्हणूनच मी सांगतो, महिन्यातून एकदा तरी गाडी स्वतःच्या हातानं धुवा.

लांबून आल्याआल्या गरम गाडीवर पाणी मारलं तर?

मारू नका. सायलेन्सरचा पाइप, इंजिन आणि ब्रेक डिस्क तापलेले असतात. त्यांच्यावर एकदम गार पाणी पडलं की धातू वेडावाकडा आकसतो, पाइपवर डाग कायमचे बसतात आणि डिस्क वाकण्याचा धोका असतो. अर्धा तास थांबा. हात लावून चटका बसत नसेल तर सुरू करा.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुतलेली चालते का?

चालते, पण तिथे स्वतः उभे राहा. प्रेशरची धार टाकी, मडगार्ड आणि टायरवर लांबून मारली तर काही होत नाही. अडचण येते ती धार जवळून आणि आडवी मारली की. चाकांची बेअरिंग, हँडलखालचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग) आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) सांधा या तिन्ही जागी ग्रीस भरलेलं असतं आणि बाहेर रबरी सील असतं. सील पावसाचं पाणी अडवायला पुरतं, प्रेशरची धार अडवायला नाही. पाणी आत शिरतं, ग्रीस निघून जातं आणि दोन-तीन महिन्यांनी चाकातून घरघर ऐकू येते. तोवर धुतल्याची आठवणही राहिलेली नसते, त्यामुळे दोष खड्ड्यांना जातो.

हँडलवरची बटणं, स्पीडोमीटर, सीटखालची बॅटरी, एअर फिल्टरचं तोंड आणि रेडिएटर इथेही धार नको. सरळ सांगा: “दादा, लांबून मारा, बेअरिंगवर आणि बटणांवर नको.” बहुतेक जण ऐकतात.

धुऊन झाल्यावर चमक यावी म्हणून इंजिनवर डिझेल फवारायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तिला नाही म्हणा. डिझेलनं रबरी पाइप आणि वायरींची आवरणं फुगतात, शिवाय त्या तेलकटपणावर दुसऱ्याच दिवशी धुळीचा थर बसतो. डिस्कवर उडालं तर ब्रेकच जातात.

बोअरच्या पाण्यानं धुतली की पांढरे ठिपके राहतात. काय करावं?

ते पाण्यातले क्षार आहेत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. उपाय सोपा आहे: गाडी स्वतःहून वाळू देऊ नका. शेवटचं पाणी ओतलं की लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्या. शक्य असेल तर शेवटची अर्धी बादली नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याची घ्या.

जुने ठिपके साध्या धुण्यानं जात नाहीत. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, त्यात कापड भिजवून ठिपक्यांवर मिनिटभर ठेवा, हलकं पुसा आणि भरपूर पाण्यानं धुवा. रंगवलेल्या भागावर आणि क्रोमवर हे चालतं. उघड्या अॅल्युमिनियमवर नको, ते काळवंडतं.

चेन कशी साफ करायची? पेट्रोल चालेल का?

पेट्रोल नको. आजच्या बऱ्याच गाड्यांची चेन ओ-रिंगची असते. कड्यांच्या पिना आणि बुश यांच्यात कंपनीनं ग्रीस भरून दोन्ही बाजूंना बारीक रबरी रिंगा बसवलेल्या असतात. पेट्रोलनं त्या रिंगा कडक होऊन चिरतात, आतलं ग्रीस बाहेर पडतं आणि ते पुन्हा भरता येत नाही. वरून कितीही तेल घातलं तरी ते पिनेपर्यंत जात नाही. केरोसीन चालतं, पण हल्ली ते सहज मिळत नाही. दुकानात चेन क्लीनर मिळतो. घेताना डब्यावर ओ-रिंगला चालतो असं लिहिलंय का ते बघा. तारेचा ब्रश अजिबात नको.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. हे मुद्दाम लिहायचं कारण आहे. काही जण गाडी पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवतात आणि फिरत्या चेनला फडकं धरतात. फडक्याचा एक धागा अडकला की बोट थेट स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रात) ओढलं जातं, आणि इंजिन बोटासाठी थांबत नाही. अशी बोटं तुटलेली माणसं जवळजवळ प्रत्येक गॅरेजवाल्याच्या ओळखीत असतात. चाक हातानं फिरवा. वेळ थोडा जास्त लागेल, तो लागू द्या.

क्लीनर मारून पाच मिनिटं थांबा, ब्रशनं चारही बाजूंनी घासा, कापडानं पुसा आणि चेन पूर्ण कोरडी होऊ द्या. वंगण लावताना चेनच्या खालच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूनं लावा. चाक फिरलं की ते बाहेरच्या दिशेला जातं आणि कड्यांमध्ये पोचतं. वरून लावलेलं बहुतेक रिमवर उडतं. चेन ल्यूबचा स्प्रे नसेल तर एसएई ९० गिअर ऑइल उत्तम. लावल्यावर निदान अर्धा तास गाडी काढू नका, रात्रभर राहिली तर अजून चांगलं. शेवटी वरचं जादा तेल पुसून घ्या. धूळ त्याच्यावरच चिकटते.

साधारण दर ५०० किलोमीटरनं आणि पावसात भिजलेल्या लांबच्या प्रवासानंतर वंगण लावाच. त्याच वेळी चेनचा ताण बघा. बहुतेक गाड्यांत चेन मधोमध वर-खाली २५ ते ३५ मिलिमीटर हलावी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो.

चेनला डब्ल्यूडी-४० मारलं तर?

ते वंगण म्हणून बनलेलंच नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका कंपनीनं ओलावा हटवून गंज रोखण्यासाठी ते तयार केलं. भिजलेल्या चेनवरचं पाणी काढायला ठीक आहे, पण त्यावर खरं वंगण लावायलाच हवं. नुसत्या डब्ल्यूडी-४० वर सोडलेली चेन थोड्याच दिवसांत पुन्हा कोरडी पडते.

धुतल्यावर ब्रेक लागत नाहीत असं वाटतं.

पॅड आणि डिस्कच्या मधे पाण्याचा पातळ थर असतो. रस्त्यावर येण्याआधी मोकळ्या जागेत हळू चालवत दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा. डिस्क कोरडी झाली की ब्रेक पूर्ववत लागतो. ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर थोडा जास्त वेळ लागतो.

त्यानंतरही ब्रेक सटकत असेल तर डिस्कवर पॉलिश किंवा चेनचं वंगण उडालं असणार. डिस्क ब्रेक क्लीनरनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पॅडनं तेल शोषलं असेल तर ते बदलावे लागतात. घासून ते परत चांगले होत नाहीत.

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश चालतं का?

नाही. पॉलिश नाही, साधं वॅक्स नाही, रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवणारी पेस्ट) तर मुळीच नाही. मॅट पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. घासला की तेवढा तुकडा चकाकतो आणि ती चकाकी परत घालवता येत नाही. शाम्पू, पाणी, मऊ कापड, बस. पेट्रोल भरताना टाकीवर थेंब पडला तर पंपावरच ओल्या कापडानं टिपा.

वॅक्स की सिरॅमिक कोटिंग: यातलं काय घ्यावं?

रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला दोन-तीन महिन्यांतून एकदा हातानं लावलेलं वॅक्स पुरतं. धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या, गार टाकीवर पातळ थर द्या आणि धुरकट झाला की कोरड्या मायक्रोफायबरनं काढा. पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळायला लागले की वॅक्स बसलं.

सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं आणि धुणं सोपं करतं. पण दुकानदार ९एच कडकपणा सांगून ओरखडेच पडणार नाहीत म्हणतात ते मनावर घेऊ नका. ९एच ही पेन्सिलनं घेतलेल्या चाचणीची पातळी आहे. काही मायक्रॉनचा थर चावीचा ओरखडा अडवत नाही. शिवाय कोटिंगआधी जुन्या रेषा घालवल्या नाहीत तर त्या खाली तशाच बंद होतात.

रबिंग कंपाउंड म्हणजे रंगावरचा थर झिजवणं. एखाद्या ओरखड्यापुरतं ठीक, पण प्रत्येक सर्व्हिसिंगला “रबिंग-पॉलिश” करून घेऊ नका. कडांवर थर आधीच पातळ असतो आणि तिथेच खालचा रंग उघडा पडतो.

दसऱ्याला गाडीची पूजा करतो. हळद-कुंकवाचे डाग कसे टाळायचे?

पूजा मनापासून करा, फक्त थोडी आधी तयारी ठेवा. पूजेच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन वॅक्स लावलेलं असेल तर कुंकू रंगात मुरत नाही. कुंकू ओलं करून लावण्याऐवजी कोरडं लावा. स्वस्तिक टाकीऐवजी हेडलाइटच्या काचेवर किंवा पुढच्या व्हायझरवर काढा. मॅट टाकीवर तर ओलं कुंकू नकोच, तो लालसरपणा महिनोन् महिने जात नाही.

झेंडूचा हार तारेनं नव्हे, सुती दोऱ्यानं बांधा. तार हँडलच्या क्रोमवर आणि टाकीच्या कडेवर ओरखडे पाडते. हार बांधूनच गाडी फिरवणार असाल तर तो हँडलच्या वळण्यात, केबलमध्ये किंवा पुढच्या चाकात येत नाही ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. फुलं सुकेपर्यंत ठेवली तर खाली पिवळट डाग उरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हार उतरवा. नारळाचं पाणी उडालं असेल तर लगेच ओल्या कापडानं पुसा. त्यातली साखर चिकट राहते आणि मुंग्या लागतात.

रेनकोट सायलेन्सरला चिकटून वितळला. कसा काढू?

गार पाइपवर सुरीनं खरवडू नका. इंजिन थोडा वेळ चालवून प्लास्टिक मऊ होऊ द्या, बंद करा, जाड हातमोजा घाला आणि लाकडी पट्टीनं ढकलून काढा. उरलेला डाग क्रोम किंवा स्टीलच्या पाइपवर असेल तर पाइप पूर्ण गार झाल्यावर अॅसिटोननं पुसा. ते लगेच पेट घेतं, म्हणून गरम पाइपजवळ बाटलीही नेऊ नका. काळ्या रंगवलेल्या सायलेन्सरला अॅसिटोन लावलं तर रंगच निघून येईल.

कोकणात किंवा गोव्यात फिरून आल्यावर वेगळं काही करावं लागतं का?

हो. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेली नसली तरी खाऱ्या हवेचं मीठ बसतं आणि ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. गंज स्पोक, नट-बोल्ट, सायलेन्सरचे सांधे आणि स्टँडच्या स्प्रिंगपासून सुरू होतो. परत आल्यावर त्याच दिवशी साध्या गार पाण्यानं खालून वरून भरपूर धुवा, कोरडी करा, चेनला वंगण लावा. क्रोमवर बारीक गंज आलाच असेल तर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलकी घासा, निघतो.

सीट आणि टायरला चमक आणणारं पॉलिश लावावं का?

टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही नाही, वळणावर गाडी घसरेल. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे टायरच्या कडाही रस्त्याला लागतात. म्हणून मी बाजूंनाही लावू नका असंच म्हणेन. सीटला सिलिकॉन किंवा खोबरेल लावलं तर ब्रेक मारताना मागचा माणूस पुढे घसरतो. पावसाळ्यात सीटवर बुरशी येत असेल तर शाम्पूच्या पाण्यानं पुसून उन्हात वाळवा, आणि ओल्या गाडीवर कव्हर घालू नका.

धुतल्यावर गाडी स्टार्टच होत नाही.

आधी सायलेन्सरची पिशवी काढली का बघा. मग स्पार्क प्लगची टोपी काढून आतलं पाणी कापडानं टिपा. प्लगच्या खोबणीत पाणी साचणं हेच नेहमीचं कारण. किल स्विचही (हँडलवरचा इंजिन बंद करणारा स्विच) एकदा दाबून बघा, पुसताना तो सरकतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी. गाडी कशी धुवायची?

पाइप लावून नाही. एक बादली पुरते. मऊ ब्रशनं धूळ न दाबता झटका, एक कापड भिजवून भाग भाग पुसा, दुसऱ्या कापडानं कोरडं करा. चेनला पाणी लागतच नाही. आणि गाडी नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुऊ नका. तेल आणि साबण खालच्या गावाच्या पाण्यात जातं.

इलेक्ट्रिक स्कूटर धुता येते का?

येते. चार्जर काढलेला हवा, चार्जिंगच्या सॉकेटचं झाकण घट्ट लावलेलं हवं आणि प्रेशरची धार नको. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ती ठरावीक वेळ साचलेल्या पाण्यात तग धरते. जोरदार धारेची चाचणी वेगळी असते. धुतल्यावर सॉकेट पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

पेट्रोलच्या झाकणाभोवती पाणी साचतं. ते टाकीत जाईल का?

बऱ्याच गाड्यांत झाकणाच्या खोलगट भागात एक बारीक भोक असतं. तिथून पाणी नळीवाटे खाली रस्त्यावर पडतं. ते भोक धुळीनं बुजलं की पाणी तिथेच तुंबतं आणि झाकण उघडलं की टाकीत जातं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं तर इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन पाण्यासकट तळाला बसतं, मग गाडी अडखळते आणि टाकी आतून गंजते. धुण्याआधी झाकण उघडा, भोक शोधा, दाढीच्या ब्रशच्या केसाएवढी मऊ नायलॉनची काडी हलकेच फिरवा, झाकण बंद करा आणि वरून चमचाभर पाणी सोडा. ते गाडीखाली टपकलं तर नळी मोकळी आहे. पाणी तिथेच राहिलं तर मेकॅनिककडून हवा मारून घ्या.